अंगणातली टर्की, ओव्हनमधली टर्की

रानवाट

नोव्हेंबर लागला, टर्की भाजून खायचा थँक्सगिव्हिंगचा गुरुवार जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून दोन प्रश्न हटकून येतात. "अंगणात दहा-बारा टर्की फिरतायत, काय करायचं?" आणि "फ्रीझरमधली टर्की बुधवारी रात्री बाहेर काढली तर गुरुवारी सकाळपर्यंत बर्फ सुटेल का?" दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात: नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल. दोन्ही इथेच घेऊ. फक्त पाककृती हवी असेल त्यांनी सरळ खाली जावं, पण पक्षी आधी कळला तर स्वयंपाकातले निम्मे घोटाळे का होतात तेही कळतं.

दोघांची जात एकच, मेलिआग्रिस गॅलोपावो. अमेरिकेत तिच्या पाच उपजाती आहेत. पूर्वेकडे ईस्टर्न, फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात ऑसिओला, टेक्सस-ओक्लाहोमाकडे रिओ ग्रँड, रॉकी पर्वतांच्या बाजूला मेरियम्स आणि मेक्सिकोच्या सीमेलगत थोड्या गूल्ड्स. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास (बे एरियात) कळपाने हिंडणाऱ्या रिओ ग्रँड मुळात तिथल्या नाहीत, विसाव्या शतकात शिकारीसाठी बाहेरून आणून सोडलेल्या आहेत.

दुकानातली टर्की यांपैकी कुठल्याच उपजातीतून आलेली नाही. ती दक्षिण मेक्सिकोतल्या सहाव्या उपजातीची वंशज. तिथल्या लोकांनी ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवली, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेली आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी पुढे तीच पाळीव टर्की परत अमेरिकेत आणली. म्हणजे ताटातल्या पक्ष्याच्या पूर्वजांनी अटलांटिक दोनदा ओलांडलाय.

रानातला नर साधारण ७ ते ११ किलो, मादी ४-५ किलो. थोड्या अंतरासाठी ताशी ८०-९० किलोमीटरने उडतो, पळतो ताशी ४० ने, आणि रात्री झाडावर झोपतो. दुकानातली ब्रॉड-ब्रेस्टेड व्हाइट ही छातीच्या मांसासाठी इतकी वाढवलेली आहे की तिला नीट उडता येत नाही. नैसर्गिक मीलनही जमत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. ओव्हनमध्ये छाती कोरडी आणि तंगडी कच्ची का राहते, याचं मूळ या बेढब छातीत आहे.

कोरा_चहा

चांगला धागा. नर-मादी लांबून कसे ओळखायचे? आणि तो छातीवर लोंबणारा केसांचा झुपका म्हणजे नरच ना?

रानवाट

बहुतेकदा नर, पण काही माद्यांनाही तो झुपका असतो. तेवढ्यावर जाऊ नका. (ते केस नाहीत, पिसंच आहेत, केसासारखी वाढलेली.)

डोकं बघा. नराचं डोकं उघडं असतं, त्यावर लाल-पांढरा-निळा रंग खेळतो आणि चोचीवर मांसाची लोंबती पट्टी असते. मादीचं डोकं करडं, त्यावर बारीक पिसं. उजेड असेल तर छातीची पिसं बघा: नराच्या पिसांच्या टोकाला काळी किनार, मादीच्या पिसांना फिकट तपकिरी. म्हणून नर लांबून काळाकुट्ट दिसतो आणि मादी मातकट. पायाला मागे आर असेल तर नर.

एक वर्षाचा नर ओळखायचा तर त्याने पिसारा फुलवेपर्यंत थांबा. पिसाऱ्याची मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब दिसतात. पोक्त नराचा पिसारा कडेपर्यंत एकसारखा गोल असतो.

पक्षी दिसला नाही तरी विष्ठेवरून कळतं. नराची लांबट, एका टोकाला वळलेली. मादीची गुंडाळलेली, ढिगासारखी. एखाद्या झाडाखाली बरीच साठली असेल तर वर मुक्कामाची फांदी आहे असं समजा, आणि गाडी तिथून हलवा.

मंजिरी_न्यूजर्सी

गाडीवरून विचारते. नर टर्की गाडीच्या दाराला टोचा मारत बसतो. रंग खरवडून निघालाय. हाकललं की पाच मिनिटांत परत हजर.

ओकमेपल

त्याला गाडीशी देणंघेणं नाही, चकचकीत दारात दिसणाऱ्या दुसऱ्या नराशी आहे. मार्च ते मे हा त्यांचा माजाचा काळ, तेव्हा हे सर्वाधिक चालतं. पण टोळीतलं वरखालीपण ठरवण्याची भांडणं बारा महिने चालू असतात, त्यामुळे शरदातही होतं.

उपाय प्रतिबिंब घालवण्याचा. गाडी गॅरेजमध्ये, ते नसेल तर दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर जुनी चादर किंवा पुठ्ठा. जमिनीलगतच्या खिडक्यांना बाहेरून साबणाचं पाणी फासून वाळू द्यायचं. आतून पडदा ओढून उपयोग नाही, काच उलट जास्त आरशासारखी होते.

माणसाच्या अंगावर येतो तेव्हाही हाच हिशोब असतो. टर्कीच्या टोळीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि माणसांच्या सवयीच्या झालेल्या टर्की आपल्यालाही त्या उतरंडीत बसवतात. तुम्ही पळालात की तुमची पायरी खालची. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. हात पसरून मोठं दिसायचं, छत्री फटकन उघडायची, खराटा हलवायचा किंवा पाण्याच्या नळीचा फवारा मारायचा. पट्ट्याला बांधलेला कुत्रा असेल तर उत्तम. घरातल्या सगळ्यांनी असंच वागायला हवं, नाहीतर तो एकाला घाबरतो आणि शाळेच्या बसथांब्यावर पोरांच्या मागे लागतो.

आणि खायला घालू नका. धीट टर्कीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी कुणीतरी टाकलेला पाव किंवा मका असतो.

मंजिरी_न्यूजर्सी

आम्ही काहीच घालत नाही हो. शेजारी फक्त चिमण्यांसाठी दाणे ठेवतात.

ओकमेपल

तेच ते. टांगलेल्या डब्यातून खाली सांडलेले दाणे टर्की वेचते. सांडलेलं रोज झाडायचं, नाहीतर डबा काही आठवडे उतरवून ठेवायचा. एक-दोन दिवस काढून फरक पडत नाही, त्यांची फेरी ठरलेली असते आणि त्या तपासायला परत येतात. आजूबाजूच्या तीन-चार घरांनी मिळून केलं तरच कळप वाट बदलतो. अंगणात ओक असेल तर मात्र शरदात एकोर्नसाठी (ओकच्या फळांसाठी) येणारच. ते खाऊन जातील, जाऊ द्या.

भाजीच्या वाफ्याचा दोष टर्कीवर टाकण्याआधी वेळ बघा. ती फक्त दिवसा चरते. रात्रीत खाल्लं गेलं असेल तर हरीण किंवा रकून. वाफ्यात पायाने उकरते ती बहुधा किडे शोधत असते.

पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. रानटर्की राज्याच्या वन्यजीव खात्याच्या अखत्यारीत येते. अंगावर येणारा नर वरच्या उपायांनी ऐकत नसेल तर खात्याला फोन करा.

धुंडिराज

हे पक्षी मुळात परत कसे आले हेही लिहायला हवं. आज बॉस्टनच्या उपनगरात रस्ता अडवून उभ्या असतात म्हणून त्या कायम तिथेच होत्या असं वाटतं. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची मूळ रानटर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली. शेतीसाठी जंगल तोडलं आणि जे उरलं त्यात वर्षभर बेबंद शिकार. पुढची सव्वाशे वर्षं राज्यात रानटर्कीचा टिकाऊ कळप नव्हता.

मधल्या काळात पाळून वाढवलेल्या टर्की सोडण्याचे प्रयोग झाले आणि ते फसले. अंड्यातून यंत्रात बाहेर आलेल्या पिल्लाला ससाण्याची सावली ओळखायला कोण शिकवणार? रात्री झाडावर चढायचं असतं, आईने इशारा दिला की गवतात दबून बसायचं असतं, हे सगळं पिल्लू आईमागे फिरत शिकतं.

जमलं ते रानातूनच पकडून रानात सोडल्यावर. अडचण पकडायची होती, कारण टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेच्या जाळ्याची युक्ती वापरली गेली. दाणे टाकून कळप एका जागी आणायचा आणि बारुदाच्या जोराने मोठं जाळं एका क्षणात त्याच्यावर फेकायचं. मॅसॅच्युसेट्सने १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडले. आज राज्यात पंचवीस हजारांच्या वर आहेत, बहुतेक त्या ३७ ची प्रजा.

पैसा कुठून आला? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला लावला. त्यामुळे टर्की परत आणण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या खिशातून झाला, हे आपल्याकडच्या निसर्गप्रेमींना पचायला जड जातं, पण तसं आहे.

रानवाट

+१. यात एक भर. सगळीकडे आलबेल नाही. आग्नेय आणि मध्य-पश्चिमेतल्या काही राज्यांत गेल्या वीसेक वर्षांत संख्या घटली आहे. घरटं जमिनीवर, १०-१२ अंडी, २८ दिवस उबवण, आणि नराची काडीची मदत नाही. पिल्लं पहिले दोन आठवडे जमिनीवरच आईच्या पंखाखाली झोपतात, त्यात गार पाऊस किंवा कोल्हा आला की अख्खी वीण जाते. पिल्लांना त्या काळात किडेच लागतात, म्हणून औषध मारलेलं आखूड गवत त्यांच्या काही कामाचं नसतं. अंगणाच्या कडेला गुडघाभर रान मे ते जुलै न कापता ठेवलंत तर ती खरी मदत, दाणे टाकणं नव्हे.

तिखटमीठ

इतिहास आलाच आहे तर, १६२१ मध्ये प्लिमथच्या इंग्रज वसाहतीत झालेल्या त्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की होती की नव्हती? दर वर्षी कुणीतरी छातीठोकपणे "नव्हतीच" सांगतं.

धुंडिराज

दोन्ही बाजूंनी छाती ठोकण्यात अर्थ नाही. त्या जेवणाचं समकालीन वर्णन म्हणजे त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोचं पत्र. त्यात आहे ते एवढं: चार माणसं पक्ष्यांच्या शिकारीला पाठवली, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरेल इतके पक्षी आणले. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट ९० माणसं घेऊन आला, तीन दिवस पाहुणचार चालला, आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. कोणते पक्षी ते लिहिलेलं नाही. बदकं आणि हंस असण्याची शक्यता चांगलीच आहे. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने त्याच शरदाबद्दल लिहिताना रानटर्की मुबलक होत्या असं म्हटलंय. म्हणजे पक्षी रानात होता, पानात पडला का ते नोंदलेलं नाही. बटाटा नव्हता. भोपळा होता, पण गव्हाचं पीठ आणि लोणी नसताना भोपळ्याचा 'पाय' (pie) कुठून येणार?

आणि ती दरसालची प्रथा मुळीच नव्हती. सण म्हणून तो रुजवला एकोणिसाव्या शतकात सेरा जोसेफा हेल या संपादिकेने, वर्षानुवर्षं लेख आणि राज्यपालांना पत्रं लिहून. लिंकनने ३ ऑक्टोबर १८६३ ला, ऐन यादवी युद्धात, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले. शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला. तुमच्या कॅलेंडरमध्ये पाच गुरुवार असतील तेव्हा लोक चुकतात ते यामुळेच.

त्याच गुरुवारी प्लिमथमध्ये १९७० पासून मूळनिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात. शाळेत मुलांना कागदी पिसांच्या टोप्या घालून नाचवतात, त्यांनी हेही सांगायला हवं.

कोरा_चहा

आणि बेंजामिन फ्रँकलिनला टर्की राष्ट्रीय पक्षी करायची होती ना?

धुंडिराज

नव्हती. १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने बाल्ड ईगल हा चोरटा, दुसऱ्याची शिकार पळवणारा पक्षी आहे अशी टिंगल केली, आणि त्यापेक्षा टर्की बरीच प्रतिष्ठित असं म्हटलं. बोधचिन्हाच्या समितीत असताना त्याने सुचवलेलं चित्र मोझेस आणि समुद्राचं होतं. पक्षी त्यात नव्हताच.

गोंयकार

अवांतर, पण मोह आवरत नाही. टर्कीचा हिंदुस्थानातला सर्वात प्रसिद्ध प्रवास गोव्यातून झालाय. जहांगीरने मुकर्रबखानाला दुर्मीळ चिजा आणायला गोव्यात पोर्तुगीजांकडे धाडलं. तो १६१२ मध्ये परतला तेव्हा त्याच्या सामानात हा पक्षी होता. बादशहाने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलंय: लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, रंगात आला की मोरासारखा पिसारा पसरून नाचतो, आणि डोक्या-मानेचा रंग घडीघडीला बदलतो. कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी. वर रानवाट यांनी नर ओळखायला जे रंग सांगितले तेच. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. चोचीवरची पट्टी आणि मानेच्या गाठी इतक्या अचूक आहेत की पक्षी समोर ठेवून काढलंय यात शंका राहत नाही. म्हणजे प्लिमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी आग्र्याच्या दरबारात टर्की पोचली होती.

तिखटमीठ

वा! आता पोटाकडे वळू. दुकानात रानटर्की मिळते का? 'हेरिटेज' लिहिलेली म्हणजे तीच का?

पाटावरवंटा

नाही. शिकार केलेल्या रानटर्कीचं मांस विकायला अमेरिकेत बंदी आहे, ते शिकाऱ्याकडून भेट म्हणूनच येतं. 'हेरिटेज' म्हणजे ब्राँझ, बर्बन रेड, नॅरागॅन्सेट अशा जुन्या पाळीव जाती. त्या हळू वाढतात, छाती बारीक, तंगडी मोठी, चव गडद, भाव दुप्पट-तिप्पट किंवा आणखी वर.

लेबलांबद्दल एवढं लक्षात ठेवा. 'फ्रेश' म्हणजे २६ अंश फॅरनहाइटच्या खाली कधी नेलेली नाही, म्हणून ती घरी आणल्यावर एक-दोन दिवसांत शिजवायची. 'हार्मोन नाहीत' याचे जास्त पैसे देऊ नका, कोंबडीवर्गीय पक्ष्यांना हार्मोन द्यायला तिथे परवानगीच नाही. सगळ्यात महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात असते: इतके टक्के मिठाच्या पाण्याचं द्रावण घातलेलं आहे. स्वस्त गोठवलेल्या बहुतेक टर्कींमध्ये ते असतं. अशी टर्की पुन्हा मिठात मुरवली तर खारट तर होतेच, वर पोत हॅमसारखा रबरी होतो. कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेली) टर्कीही आधीच मीठ लावलेली असते.

आकार: हाडांसकट माणशी एक ते दीड पौंड. आठ जणांना १२ पौंडी पुरते. माणसं वीस असतील तर २४ पौंडी धूड आणू नका, १२ च्या दोन आणा. मोठ्या पक्ष्यात मांडी शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो.

तिखटमीठ

बर्फ सोडवायचं वेळापत्रक नीट सांगाल का, पाटावरवंटाताई? १४ पौंडी घेतेय. द्रावण नसलेली मिळाली आहे.

पाटावरवंटा

फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना २४ तास. म्हणजे १२ पौंडीला तीन दिवस, १६ ला चार, २० ला पाच. तुमच्या १४ पौंडीला साडेतीन दिवस धरा. मीठ मुरवायचं असेल तर असं:

शुक्रवारी रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, कडा उंच असलेल्या ट्रेमध्ये. वरच्या कप्प्यात ठेवली आणि पिशवी गळली तर खालची कोथिंबीर फेकावी लागते.

मंगळवारी संध्याकाळी वेष्टण काढा. आत हात घालून मान आणि काळीज-पोटा भरलेली पिशवी काढा. दोन पोकळ्या असतात, एक शेपटीकडे, दुसरी मानेकडच्या कातडीखाली. पिशवी बऱ्याचदा दुसरीत असते आणि लोक ती तशीच भाजतात. धुवायची नाही. सिंकमधून उडणाऱ्या थेंबांनी ओटाभर जंतू पसरतात, पाण्याने ते मरत नाहीत. कागदी रुमालाने टिपून कोरडी करा.

दर किलोला ७-८ ग्रॅम मीठ, म्हणजे १४ पौंडीला साधारण ५० ग्रॅम. काट्यावर तोला. चमच्याने मोजलंत तर जाड कोशर मीठ आणि बारीक मीठ यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. छातीच्या कातडीखाली बोटं सरकवून ती सैल करा, अर्धं मीठ कातडीखाली, उरलेलं मांड्यांवर आणि पोकळीत. मग फ्रिजमध्ये उघडीच ठेवा. कातडी सुकली की ती कुरकुरीत होते. पहिल्या दिवशी अंगावर पाणी सुटलेलं दिसेल, पुसू नका, ते मीठ घेऊन परत आत जिरतं.

घाई असेल तर गार पाण्याची पद्धत: घट्ट पिशवीत बंद करून गार पाण्यात बुडवायची, दर पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. १४ पौंडीला सात तास, आणि लगेच शिजवायची. ओट्यावर रात्रभर कधीच नाही. आत बर्फ असतानाच बाहेरचं मांस धोक्याच्या तापमानात तासन्तास बसतं.

मंजिरी_न्यूजर्सी

दही, आलं-लसूण, गरम मसाला लावून ठेवली तर? तंदुरीसारखी.

पाटावरवंटा

इथेच आपली मंडळी हमखास अडकतात. तंदुरी कोंबडी कातडी काढून, लहान, प्रखर आचेवर होते. टर्की कातडीसकट तीन तास ओव्हनमध्ये. दही लावलेली कातडी ओलीच राहते, वरचा लसूण जळून कडू होतो आणि मसाला मात्र मांसात दोन-तीन मिलिमीटरपलीकडे जात नाही. आत खोल जातं ते मीठ.

मसाला हवाच असेल तर कातडीखाली. १४ पौंडीला १०० ग्रॅम मऊ लोणी, त्यात दोन चमचे आलं-लसूण वाटण, एक चमचा गोडा मसाला, अर्धा चमचा मिरपूड, लिंबाची किसलेली साल. मीठ नको, ते आधीच गेलंय. कातडीवर फक्त तेल. सुकं खोबरं असलेलं कुठलंही वाटण वर थापू नका, ते पक्ष्याच्या कितीतरी आधी करपतं. तिखट तरी रश्शात घाला.

ओकमेपल

भाजण्याची वेळ? पाकिटावर लिहिलेली खरी मानायची का?

पाटावरवंटा

पाकिटावरची वेळ फक्त पाहुण्यांना किती वाजता बोलवायचं हे ठरवायला. ३२५ अंश फॅरनहाइटला, आत काही न भरलेली १२ ते १४ पौंडी टर्की तीन ते पावणेचार तास घेते. शिजली का ते थर्मामीटरच सांगतो. छातीचा सर्वात जाड भाग, मांडीचा आतला भाग आणि पंखाचा सांधा, तिन्ही ठिकाणी १६५ अंश. सुई हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकीचा येतो. काहींच्या छातीत टोचलेलं ते उडी मारणारं प्लास्टिकचं बटण विसरा, ते वर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

छाती १६० ला असताना बाहेर काढून सैल फॉइलखाली अर्धा तास ठेवली की उरलेले पाच अंश आतल्या उष्णतेने चढतात. चढले का ते बघा, नाही चढले तर परत आत. मांडी मात्र १७५ ला मऊ लागते, १६५ ला खायला सुरक्षित असली तरी चिवट. छातीला कमी आणि मांडीला जास्त, हा सगळा पेच.

तो सोडवायचा सोपा मार्ग म्हणजे पाठीचा कणा काढून पक्षी सपाट करणं. मजबूत कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापा, उलटा करा, छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्या, कट्कन आवाज आला की झालं. कडा असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये कांदा-गाजराच्या जाड फोडींवर कातडी वर करून ठेवा, ४२५ अंशांवर १२ ते १४ पौंडी साधारण दीड तासात होते. मांड्या बाहेरच्या बाजूला जाऊन जास्त तापतात, म्हणून दोन्ही भाग एकदम तयार होतात. फोडींवर दोन वाट्या पाणी घाला, नाहीतर गळणारी चरबी जळून घरातले धुराचे सगळे अलार्म वाजतील. मधे सजवून ठेवायचा अख्खा पक्षी मिळत नाही, एवढाच तोटा. मला तो तोटा वाटत नाही.

पोटात सारण भरू नका. सारणाच्या मध्यालाही १६५ व्हावे लागतात, कारण कच्चा रस त्यातच गळतो. तोवर छाती गेलेली असते. सारण वेगळ्या भांड्यात करा.

कोरा_चहा

तळायची असेल तर? शेजाऱ्यांकडे तो मोठा बर्नर आहे.

ओकमेपल

तळताना होणाऱ्या आगींची कारणं ठरलेली आहेत: पक्षी ओला किंवा आतून गोठलेला, तेल जास्त, किंवा बर्नर घराच्या अगदी जवळ. टर्की १२ पौंडांच्या आसपासची, पूर्ण सुटलेली, आतून-बाहेरून कोरडी. तेल किती ते आदल्या दिवशी पाण्याने मोजा: पक्षी भांड्यात ठेवून तो जेमतेम बुडेपर्यंत पाणी, पक्षी काढून पाण्याच्या पातळीवर खूण, मग भांडं खडखडीत कोरडं करून त्या खुणेपर्यंत शेंगदाण्याचं तेल. खूण भांड्याच्या काठाच्या चार-पाच इंच खाली असायलाच हवी, नसेल तर भांडं लहान आहे. ३५० अंशांवर आणा, बर्नर बंद करा, पक्षी अगदी हळू सोडा, पुन्हा पेटवा. दर पौंडाला साडेतीन मिनिटं. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही, घरापासून लांब सपाट जमिनीवर. पेट घेतला तर झाकण आणि गॅस बंद. पाणी कधीच नाही.

तिखटमीठ

आणि कुणी खरीखुरी रानटर्की भेट दिली तर? तीच पद्धत?

पाटावरवंटा

अजिबात नाही. त्यात चरबी नगण्य, आणि पाय आयुष्यभर चाललेले. अख्खी भाजली तर छाती कोरडी आणि तंगडी दोरखंड.

दोन भाग वेगळे करा. छातीचे दोन सलग तुकडे काढून रात्रभर सहा टक्के मिठाच्या पाण्यात (एक लिटरला ६० ग्रॅम) फ्रिजमध्ये ठेवा, मग आडव्या रेषांनी पातळ कापून लोणी-मिरपुडीत झटपट परता. तंगड्यांमध्ये हाडासारख्या कडक शिरा असतात, त्या कच्च्या मांसातून ओढत बसू नका. प्रेशर कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास ठेवा, मांस आपोआप सुटतं आणि शिरा बोटांनी निवडता येतात. त्याचं सुकं झकास होतं, गावठी कोंबड्याच्या वळणाचं. छर्रे मात्र शोधा. जिथे मांस काळसर झालंय आणि आत पिसं ओढली गेली आहेत तो भाग कापून टाका, बाकीचं बोटांनी चाचपा. शिशाचा छर्रा दाताखाली आला तर दात जातो, पोटात गेला तर त्याहून वाईट.

गोंयकार

उरलेल्याचं काय? शनिवारपर्यंत सगळे सँडविचला कंटाळतात.

पाटावरवंटा

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं, पुढे फ्रीझर. सांगाडा टाकू नका. तोडून कुकरमध्ये, बुडेल इतकं पाणी, कांदा, आलं, दोन तमालपत्रं, मंद आचेवर तासभर. गार झाल्यावर जेलीसारखं थिजलं तर उत्तम जमलं. त्यावर पांढरा रस्सा करा: तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, आख्खा गरम मसाला, हिरवी मिरची, शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी फुटू देऊ नका, फाटतं. टर्कीचा अळणी रस मटणापेक्षा सौम्य असतो, म्हणून मिरं जरा जास्त. मांस रश्शात शिजवायचं नाही, वाढताना घालायचं, आधीच शिजलेलं आहे.

मंजिरी_न्यूजर्सी

शेवटचं विचारते. सगळं करूनही गुरुवारी सकाळी पोकळीत बर्फ सापडला तर? पिशवीसुद्धा निघत नाही.

पाटावरवंटा

घाबरू नका, गोठलेली टर्की ओव्हनमध्ये थेट शिजवता येते. फक्त तळायची नाही आणि आत काही भरायचं नाही. ३२५ अंशच ठेवा, आच वाढवलीत तर बाहेरून करपेल. पूर्ण गोठलेली असेल तर वेळ दीडपट, अर्धवट असेल तर त्यामानाने कमी. दोनेक तासांनी पोकळी मोकळी होते, तेव्हा चिमट्याने पिशवी ओढून काढा. ती कागदी असेल तर काही बिघडत नाही. प्लास्टिकची असून वितळली असेल तर ती टर्की खायची नाही. मिठाचा पुढचा हातही तेव्हाच फिरवा, बर्फावर लावलेलं मीठ ट्रेमध्ये गळून जातं. पाहुण्यांना दोनऐवजी पाच वाजता बोलवा आणि तोवर बटाटेवडे काढा.